सातवी वाटी

मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर कालिंदीने मिसळणाचा डबा उघडला. सात वाट्या, प्रत्येकीत पाचशे रुपये. एक वाटी संपली की उठून नदी बघायची आणि डोकं थंड झाल्यावरच पुन्हा बसायचं, असा तिने नवऱ्याला घालून दिलेला नियम. जेवणाची घंटा होण्याआधी सगळ्या वाट्या संपल्या, तर दिवाळीचे आठ दिवस बारामतीला तिच्या ताईकडे, हेही ठरलेलं.

अच्युतराव व्हिडिओ पोकरच्या मशीनपुढे जीव तोडून खेळले. मशीन कधी मामासारखं सढळ हाताने द्यायचं, कधी घरमालकासारखं सगळं काढून घ्यायचं. नदी सहा वेळा बघून झाली. सातव्या वाटीत एरवी हळद असे. तिच्यातली शेवटची पिवळी नोट मशीनने दोनदा थुंकली, कालिंदीने पदराने पुसल्यावर गिळली.

अखेरच्या डावाला चार पत्ते चौकटचे आले, त्यांत राणी. पाचवी इस्पिकची राणी.

"इस्पिक टाकतो. पाचवं चौकट आलं की झालं."

"राण्यांना हात लावू नका. बाकीचे तीन बदला."

"अगं, याला शास्त्र असतं."

"ताईला फोन लावू?"

अच्युतरावांनी मुकाट्याने राण्या धरल्या. मशीनने उरलेल्या दोन्ही राण्या दिल्या. दिवे नाचले, जेवणाची घंटा झाली, बारामती टळली.

कालिंदी मात्र पडद्याकडे डोळे भरून बघत होती. "चार राण्या! आम्ही चौघी बहिणीच जणू. अहो, या पैशांत दिवाळीला तिघींनाही इथेच आणू. आठ दिवस."

अच्युतराव उठले आणि सातव्यांदा नदी बघायला गेले.