पायलचा तिसरा चॅप्टर

ईश्वर रामटेके चहा घेऊन आले, तरी प्राध्यापक सुबोध दांडेकर उभेच होते.

"बसा न, सर. पहिल्यांदाच आमच्या घरी येऊन राहिले तुम्ही."

दांडेकर खुर्चीच्या कडेला टेकले. समोर पलंगावर ईश्वररावांची मुलगी पायल बसली होती. लखनौच्या चिनहट भागातल्या बिस्किट कारखान्यातून ती नुकतीच परतली होती. तिथल्या बॉयलरमध्ये रोज किती इंधन जळतं आणि त्यातून किती वाफ मिळते, हे मोजायचं तिचं काम. सात वर्षांपूर्वी ती देशांचं असंच मोजमाप करत होती. कोणता देश किती ऊर्जा खर्चून किती उत्पादन काढतो आणि त्यापायी हवा किती बिघडवतो, हा तिच्या पीएचडीचा विषय. दांडेकर तिचे गाइड.

छत्तीस देशांची तशी क्रमवारी दांडेकरांनी आधीच एका शोधनिबंधात केली होती. त्या निबंधाने त्यांचं नाव झालं, परदेशातून बोलावणी आली. पायलने तेच आकडे पुन्हा मांडले, तेव्हा तिची क्रमवारी वेगळीच निघाली. वरचे नऊ देश थेट तळाला गेले. "पुन्हा तपास," दांडेकर म्हणाले. तिने चार वेळा तपासलं. उत्तर तेच. शेवटी तो तिसरा चॅप्टर त्यांनी सगळ्या विभागासमोर तिला परत केला. "तुला साधे आकडे सांभाळता येत नाहीत, पायल. संशोधन तुझं काम नाही." त्यानंतर ती विद्यापीठात कधी दिसली नाही.

"तू बरोबर होतीस," दांडेकर आता म्हणाले. "त्या नऊ देशांचे आकडे नुसत्या कार्बनचे होते, बाकीच्यांचे कार्बन डायऑक्साइडचे. मी ते तसेच एका रकान्यात भरले. त्या देशांचं प्रदूषण खऱ्याच्या पावपटच दिसत होतं. चूक माझी होती."

त्यांनी दोन पत्रं पुढे केली. एक, तो निबंध मागे घेत असल्याचं. दुसरं विद्यापीठाला. पायल रामटेके हिचं काम अचूक होतं, तिला पुन्हा संधी द्यावी, असं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

पायलने दोन्ही पत्रं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. ईश्वरराव भंडाऱ्याहून पोस्टाच्या नोकरीत लखनौला आलेले. घरात पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. त्यांनी गमछ्याने डोळे पुसले.

"सात वर्षं मी हिलाच बोललो, सर. म्हटलं, एवढे मोठे सर कसे चुकतील? तुझंच ध्यान नसेल. पोरगी काही बोलली नाही. बोलणंच सोडून दिलं तिनं त्या विषयावर." मग ते लेकीकडे वळले. "पाहा बेटा, चूक कळल्याबरोबर सर स्वतः घरी आले. कोण येतं असं?"

दांडेकरांनी अर्धा चहा तसाच सोडला. त्यांनी कप खाली ठेवला.

पायल लखनौतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. ती हसली. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"ग़लती तो किसी से भी हो जाती है, सर. मुझे तो लगने लगा था, मेरा ही दिमाग़ ख़राब है. आप आ गए, बस. मेरे लिए बहुत है."

एवढ्यावर उठता आलं असतं. पत्रं दिली होती, माफी मिळाली होती, बाहेर ऑटोवाला थांबला होता. ईश्वरराव त्यांना दाराशी पोचवायला चपला शोधू लागले.

"चूक कळल्याबरोबर नाही आलो मी," दांडेकर म्हणाले.

ईश्वरराव वाकलेले तसेच थांबले.

"तो कब पता चला, सर?" पायलने विचारलं.

दांडेकरांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझा चॅप्टर परत केला ना, त्याच्या आदल्या दिवशी."