मॅडमची सवलत

पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा धाकटा भाऊ दादाच्या स्वयंपाकघरात चहाची वाट बघत बसला होता. बायको गेल्यापासून त्याचा रविवार इथेच जायचा. त्याने मेसेज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"आयला! जो आलाच नाही त्याचे पैसे?"

प्रकरण गेल्या आठवड्यातलं. रस्त्यात गाडी बंद पडली, तेव्हा त्याने मदत पाठवणाऱ्या कंपनीला फोन केला. दादाला मुद्दामच केला नाही. पण दादा-वहिनी नेमके त्याच रस्त्याने मागून आले. दादाने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं होतं. वहिनीने थर्मासमधलं गरम पाणी ओतलं.

"माझ्या हातावर ओततेस काय?"

"मग हात काढा की. शोभेला ठेवलाय का तिथे?"

भांडत भांडतच दोघांनी टोकं साफ केली, दादाने पाना फिरवला, गाडी चालू झाली. त्या दोघांच्यात धाकट्याला करण्यासारखं काही नव्हतं. तो बॉनेट धरून उभा होता, आणि बॉनेट तर दांडीवर आपलं आपण उभं होतं. मग वहिनीने दादाच्या नाकावरचं काळं रुमालाने पुसलं, नाक हातात येईल इतक्या जोरात. धाकट्याने तोंड फिरवलं आणि कंपनीला कळवलं, आता येऊ नका.

त्याचे हे पैसे.

त्याने तिथूनच फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"सर, आमची गाडी निघाल्यावर तुम्ही रद्द केलंत."

"निघाली होती तर कुठे होती? मला तर नाही दिसली."

"वर्षातून एकदा रद्द केलं तर आम्ही पैसे घेत नाही, सर. पण तुमची ती सवलत वापरून झालीय. किल्ली गाडीत राहिली म्हणून फोन केला होतात, मग सापडली म्हणालात."

"खिशात होती," दादा कपाटापाशी उभा राहून हसला.

धाकट्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. "ते जाऊ द्या. ह्या वेळचं बोला. तुमचा माणूस आला नाही, पाना लावला नाही, मी पैसे भरणार नाही."

"एक मिनिट हं, सर." तिकडे बटणं वाजली. इकडे वहिनी ओरडली, "अहो, दूध उतू जातंय!"

"तू उभी आहेस ना शेजारी?"

"माझे हात ओले आहेत. तुमचे काय बांधलेत?"

दादाने गॅस बंद केला. मुलगी परत आली. "सर, तुमचा प्लॅन दोघांचा आहे. मॅडमची सवलत अजून शिल्लक आहे. त्यांनी हो म्हटलं की मी हे त्यांच्या नावावर टाकते. तुमचे पैसे परत येतील. त्यांचा आवाज येतोय ना मागून, त्यांनाच द्या फोन. फक्त हो म्हणायचंय."

धाकट्याने फोनवर तळहात दाबून धरला.

वहिनीने हात पुसले आणि पुढे केला. "द्या, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "म्हणते मी हो. उगीच पैसे का घालवायचे?"

"घे रे, बाळ्या," दादा म्हणाला. "एका 'हो'पुरती माझी बायको उसनी घे. परत कर म्हणजे झालं. मला हिच्याशिवाय चहा जमत नाही."

"अहो!"

दादा कपाटातून कप काढू लागला.

वहिनीचा हात अजून पुढेच होता. पाण्याने बोटं सुरकुतलेली, अंगठ्याशी भाजल्याचा डाग. दादाकडे सगळं होतं. भांडायला माणूस होतं, नाक पुसायला माणूस होतं, एवढंच काय, उसनं द्यायलाही होतं. बायकोची म्हणून एक गोष्ट आज अचानक निघाली होती, तिने न वापरलेली. तीही दादाच्याच घरात संपवायची?

त्याने तळहात काढला.

"ती घरी नाही."

"पण सर, आवाज..."

"त्या माझ्या वहिनी."

"बरं. मग मॅडमना कधी फोन करू?"

"नका करू. माझे कापलेत ते कापलेत. तिचं तिच्या नावावर राहू द्या."

"चालेल, सर. पण त्यांना सांगा हं, त्यांची सवलत शिल्लक आहे म्हणून."

"सांगतो," धाकटा म्हणाला आणि फोन बंद केला.

वहिनीने चहा ओतला. त्याच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. त्याला एक लागायची, हे ज्या बाईला माहीत होतं ती ही नव्हे. मग वहिनी दादाच्या जवळ सरकली आणि दबक्या आवाजात सुरू झाली, "कुठे काय बोलावं, काही कळतं का तुम्हाला?"

"मी काय वाईट बोललो?"

"हळू बोला."

"तूच मोठ्याने बोलतेयस."

त्यांचं पुढचं ऐकू येऊ नये म्हणून धाकट्याने तो गोड चहा गरमच घशाखाली ओतला आणि उठला.

खाली गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. दादाने काम चोख केलं होतं, हे त्याला मान्य करावंच लागलं.

प्लॅनवरून बायकोचं नाव काढायचं अजून राहिलं आहे.