शांत स्वभाव

लंडनमधल्या पिनरच्या हॉलमध्ये कमलाकरांच्या शोकसभेत त्यांची नात चैत्राली आपल्या मोडक्या मराठीत सांगत होती, "आजोबांनी माझ्यावर कधी आवाजपण चढवली नाही."

तिचा बाबा अनिश खाली मान घालून ऐकत होता. तो अकरा वर्षांचा असताना याच कमलाकरांनी पट्ट्याच्या बकलने त्याची भुवई फोडली होती. रक्त गालावर ओघळलं तरी ते थांबेनात, तेव्हा आईने लोखंडी तवा उचलून त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा तो कडकन आवाज अनिशला अजून ऐकू येत होता. त्यानंतर घरात पट्टा पुन्हा निघाला नाही.

भाषण संपवून चैत्राली आजीजवळ येऊन बसली. "आजी, आजोबा पहिल्यापासून इतके शांत होते?"



"नाही गं," आजी म्हणाली. "मी केलं त्यांना तसं."