डाव्या चाकाचा नट

मंठ्यात पोराच्या साखरपुड्याला पाहुणे जमले होते, सुनेला घालायची अंगठी द्वारकाबाईच्या बटव्यात होती आणि तिचा नवरा इकडं अर्ध्या वाटेत जावयाच्या कारचं पंक्चर झालेलं डावं चाक खोलत बसला होता. जन्मभर कारखान्यावर उसाचा ट्रक चालवलेला माणूस. ट्रकच्या डाव्या चाकाचे नट उलटे फिरतात, एवढंच त्याच्या डोक्यात. "मामा, कारचे नट उलटे नसतात. तुम्ही अजून आवळून राह्यले," जावई म्हणाला. "जावईबापू, तुम्ही बूट सांभाळा. ह्याला मनगट लागतं!" म्हणत तो पान्ह्यावर दोन्ही पायांनी चढला. द्वारकाबाईनं तोंड वाकडं केलं. अडलं की अजून जोर लावायचा, संसारही ह्यानं असाच हाकला होता. कटकन आवाज झाला. "निघाला!" त्यानं नट मिरवत वर धरला. आत मोडलेल्या बोल्टाचा तुकडा होता. "लई भारी," ती म्हणाली, "मंग हाच घाला सुनेच्या बोटात."