हिरवा तुकडा

"काका, दिसतंय का हो?" प्रोड्यूसरबाई यायच्या आत केतकीने स्टुडिओतून माइकवर हळूच विचारलं.

कंट्रोल रूममध्ये फडतरेकाकांनी दृश्यं जुळवणाऱ्या स्विचरसमोरचे दोन्ही पडदे पाहिले. एकावर ती हिरव्या भिंतीपुढे बाजूने वळून उभी होती, सहाव्या महिन्याच्या पोटावर हिरवं कापड लपेटून. त्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या पडद्यावर जेवढं म्हणून हिरवं होतं तेवढं विरघळलं आणि तिथे नकाशा उमटला. भिंत गेली, पोटही गेलं. उरली ती सडपातळ केतकी, अरबी समुद्रात उभी.

"काही दिसत नाही. बिनधास्त बोल."

पोट दिसायला लागलं की या चॅनेलवर मुलींना घरी बसवतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऑफिसात ढगळ कुर्त्यावर निभत होतं, पडद्यावर निभलं नसतं. म्हणून काकांनीच जुन्या हिरव्या पडद्याचा तुकडा तिला कापून दिला होता.

हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या. तिचा आवाज मऊ होता, ढग संथ सरकत होते, काकांना गुंगल्यासारखं झालं. एवढ्यात कापड आतून हललं. त्यावर बारीक सुरकुती पडली, तिची सावली नकाशात उतरली आणि रत्नागिरीजवळच्या निळ्या पाण्यावर एक लाट उठून विरली. बोलता बोलता केतकी हसली.

अशी सावली पुसायला एक नॉब फिरवला की पुरतं. काकांचा हात नॉबवर गेला आणि तिथेच थांबला. लाट पुन्हा उठली.

"समुद्रात काय हललं ते?" मागून प्रोड्यूसरबाईंनी विचारलं.

"भरती आहे, मॅडम," काका म्हणाले.