एकाच बाजूच्या चुका

एकशे सेहेचाळिसाव्या पानावर तिने पुन्हा पेन्सिल उचलली. उचलायची नाही असं ठरवलेलं असूनही.

त्या पानावर वसतिगृहातल्या सहा मुली भिंतीवरचा थर्मामीटर काढून आळीपाळीने मुठीत धरत होत्या. पाच जणींच्या मुठीत पारा खोलीइतकाच, चौदा अंशांवर राहिला. सहाव्या मुलीच्या, म्हणजे गोष्ट सांगणारीच्या मुठीत तो तिसावर गेला. ‘अगं, तुला ताप आलाय!’ असं म्हणत बाकीच्यांनी तिला अंथरुणात ढकललं.

पुस्तक वाचणारी ती स्वतः थर्मामीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकोणीस वर्षं हेच काम. मुठीत तीस म्हणजे ताप नव्हे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आणि जिवंत माणसाच्या मुठीत पारा चौदावर कसा राहील? तिने वहीच्या कागदावर लिहिलं, ‘पान १४६. लेखिकेने थर्मामीटर हातात घेऊनही पाहिलेला नाही.’ ती या यादीतली चौथी चूक होती.

तिच्या लेकीने काल हे काळ्या वेष्टनाचं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं होतं. “पूर्ण वाच. मग बोलू.”

मग बोलू! चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे दोन शब्द तिने कित्येक महिन्यांनी ऐकले होते. थिएटरमध्ये ऐन स्फोटाच्या वेळी ‘अंतराळात आवाज ऐकू येत नाही’ असं ती पोरीच्या कानात पुटपुटली होती. तेव्हापासून घरात दोनच उत्तरं मिळत होती: ‘काही नाही’ आणि ‘तुला नाही कळणार’. म्हणून या वेळी तोंडाला कुलूप. वाचायचं, आवडलं म्हणायचं, विषय संपवायचा. भुताखेतांच्या गोष्टींना ती एरवी हातही लावत नसे. ज्यांना वजन नाही त्यांच्या पायाखाली जिने कसे करकरतात, इथेच तिची गाडी अडायची.

कादंबरी मात्र सरळ होती. डोंगरावरचं वसतिगृह, एका खोलीत सहा मैत्रिणी, आणि रोज दार ठोठावून ‘बाहेर ये’ म्हणणारी वरच्या मजल्यावरची म्हातारी. शेवटी मैत्रिणी दाराला कपाट लावतात, म्हातारीचा आवाज हळूहळू थांबतो आणि सहाही जणी एकमेकींना मिठी मारतात. ‘आता आपण कायम एकत्र.’ संपलं.

तिने सुस्कारा सोडला आणि यादी फाडण्याआधी एकदा नजरेखालून घातली.

पान १९. कडाक्याची थंडी, सहा जणी अंगणात, तोंडातून वाफ फक्त गोष्ट सांगणारीच्या.

पान ५३. मेणबत्तीभोवती पाच जणी पोट धरून हसतात, ज्योत हलत नाही. गोष्ट सांगणारी शिंकते आणि ती विझते.

पान ८८. सगळ्या तळ्यातून भिजून येतात. वसतिगृहाच्या बाई ओरडतात, ‘ही कोणाची पावलं?’ फरशीवर पावलांची एकच जोडी.

फाडायला लावलेला हात तिथेच थांबला.

मोजमापातल्या चुका विखुरतात. एक वर जाते, एक खाली. रोजच्या कामात तिने हजारो पाहिल्या होत्या. पण या चारही एकाच बाजूला कलत होत्या. अशी चूक दिसली की प्रयोगशाळेत कोणी तिला चूक म्हणत नसे. तिच्यामागे कारण असतं आणि ते शोधेपर्यंत कोणी जेवायलाही उठत नसे.

तिने भराभर पानं उलटली. म्हातारी पायऱ्यांवर धापा टाकते. म्हातारीच्या श्वासाने काचेवर धुकं येतं. म्हातारी चहा पिते! आणि त्या पाच जणी? दोनशे दहा पानांत एक घाससुद्धा नाही.

तिच्या हातावर काटा उभा राहिला. तिने तो निरखून पाहिला. खरंच उभा होता. तिला हसू आलं, आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

“झालं?” मुलगी दारात होती. “कसं वाटलं?”

“छान आहे. आवडलं मला.”

मुलीचा चेहरा पडला. “बरं,” म्हणून ती वळली.

आवडलं म्हटल्यावर कोणी असं तोंड पाडतं का? पण आता तिला राहवेना. पोरीने पुन्हा कित्येक महिने अबोला धरला तरी चालेल.

“थांब गं! मी चुका काढल्यात.”

मुलगी गर्रकन वळली. “किती?”

“चार. आणि चारही चुका नाहीतच!” तिने कागद टेबलावर आपटला. “त्या पाच जणी मेलेल्या आहेत. सहा जणींत जिवंत आहे ती फक्त गोष्ट सांगणारी. आणि ती म्हातारीही जिवंत आहे.”

“म्हणजे म्हातारी भूत नाही?”

“अगं, ती तिला वाचवायला येत होती! आणि यांनी दाराला कपाट लावलं.”

मुलगी मटकन खुर्चीत बसली. बोट ठेवून एकेक पान क्रमांक वाचत गेली. एकोणीस, त्रेपन्न, अठ्ठ्याऐंशी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिने टेबलावर अशी थाप मारली की पेन्सिल उडून खाली पडली.

“मी सांगत होते वर्गातल्या मैत्रिणींना, हा शेवट गोड नाहीये म्हणून! तीनदा वाचलं, पण बोट ठेवता येईना. सगळ्या हसल्या. म्हणाल्या, ही भित्री भागूबाई घाबरली.” ती आईकडे बघत राहिली. “मी घाबरले नव्हते गं आई. मला तुझ्यासारखी शंका आली होती.”