परीक्षा कुणाची?

बाळांनो, कल्पना करा: तुम्ही शाळेच्या वाचनालयात बसला आहात, समोर टॅब आहे आणि शेजारच्या अनोळखी ताई काहीच बोलत नाहीत, नुसत्या बघत राहतात. तिसरीतल्या मुक्तावर तीच वेळ आली होती.

टॅबवर गणिताचा नवा खेळ होता. तो मुलांना कुठे अडवतो, हे शोधणं शेजारी बसलेल्या शाल्मलीताईंचं काम, आणि त्या कामाचं त्यांना भारी वेड. अडलेल्या मुलाला मदत करायची नाही, हा त्यातला नियम. मुक्ता बरोबर मोजून टोपलीत आंबे ठेवी, तरी ते घरंगळून बाहेर पडत. "चूक! पुन्हा प्रयत्न कर," टॅब म्हणे. ताईंचे डोळे चमकले. खेळातली खोट सापडली होती! त्या भराभर लिहू लागल्या.

"ताई, मी नापास ना?" मुक्ताने टॅब दूर सारला. "आमच्या बाईंना नका सांगू. मला बेरीज येते हो!"

ताईंचं पेन थांबलं. परीक्षा खेळाची आहे, तुझी नाही, हे प्रत्येक मुलाला आधी सांगायचं असतं. आज उत्साहाच्या भरात तेच राहिलं होतं. पोर रडकुंडीला आली होती आणि आपण मनातून हरखलो होतो! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"नाही गं राणी. परीक्षा या खेळाची होती. सांगायला मीच विसरले. माझं चुकलं."

मुक्ताने बाहीला नाक पुसलं. मग टॅब जवळ ओढला आणि त्याच्यावर बोट रोखून ठसक्यात म्हणाली, "चूक! पुन्हा प्रयत्न कर."